सोपानमिस्त्री आणि माझं जाड तेल

सोपानमिस्त्री गेल्याचा निरोप शाळेच्या फोनवर आला, तेव्हा मी सातवीला द्रवांचा दाटपणा शिकवत होतो. मधाची बाटली हातात उलटीच राहिली… पोरं हसली. हा धडा मास्तरांना स्वतःलाच कधी कळला नव्हता, हे त्यांना काय ठाऊक?

आळेफाट्यावर मिस्त्रींचं गॅरेज. माझ्या जुन्या मोटारीचा मालक मी, पण ती ऐकायची त्यांचं. तेल मोजायची काडी बाहेर काढून ते थेंब अंगठ्या-बोटात चोळायचे आणि निकाल द्यायचे. एका उन्हाळ्यात इंजिन खडखडू लागलं. "आली गिरणी," असं शाळेतले सहकारी म्हणू लागले. मिस्त्रींनी बजावलं, "म्हातारं इंजिन हाय, कुरकुरणारच. आवाज दाबायला जाड तेल घालू नका. ते धड फिरत न्हाई. मग आतली उष्णता बाहेर कोण नेणार, तुमी?"

मी "बरं" म्हटलं, आणि ओतूरहून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं जाड ऑइल आणून इंजिनात ओतलं. आवाज गायब! दोन दिवस मी गाडी मिरवली. इंजिनाच्या तापमानाचा काटा जरा वर सरकलेला दिसला, त्याचं खापर उन्हावर फोडलं.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी मिस्त्रींच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, पुण्याला हलवा. हाताशी माझीच गाडी. मागं मिस्त्रींची बायको, आमच्या वैनी, त्यांच्या मांडीवर मिस्त्रींचं डोकं. मंचर मागं पडलं आणि अवसरीच्या घाटात काटा लाल खुणेला टेकला. वाफ उसळली, इंजिन जागीच जाम झालं. मी रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो, तर गाडीतून मिस्त्रींचा क्षीण आवाज आला, "मास्तर, हात भाजंल… काडी आणा."

मी काडी नेऊन दिली. त्यांनी थेंब बोटांत चोळला आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. बोटं सदऱ्याला पुसत ते वैनींना म्हणाले, "फॅनचा पट्टा तुटला गं. मास्तरांचा काय दोष?"

पाऊण तासानं टेम्पो मिळाला. मिस्त्री वाचले, पण उशिरामुळं हृदय कायमचं दुबळं झालं. पुन्हा पाना धरता आला नाही. पुढची चार वर्षं ते स्टुलावर बसून नुसतं सांगायचे, मी समोर बसून माझ्या फजित्या रंगवायचो. तेवढी एक सोडून. त्यांनी मला एकदा तरी शिवी घालायला हवी होती…

दहाव्याला वैनी म्हणाल्या, "भाऊ, तुमी व्हता म्हणून नेलं तरी. तो मेला पट्टा तुटला नसता तं…"

मी मान हलवली. वर चहाही प्यालो.

वैनी, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते म्हणून इथं लिहितोय. तोंडानं जमलं नाही. ती गाडी त्या दिवसापासून गॅरेजमागं उभी आहे, मिस्त्रींनी भंगारवाल्याला कधी हात लावू दिला नाही. एकदा बॉनेट उघडून बघा. पट्टा जागच्या जागी आहे.