निकाल तिला कोणी कळवायचा?

त्या खटल्याचा विषय निघाला की आजही माझा पारा चढतो. नोकरीत मी याहून भयंकर गुन्हे पाहिले. पण गुन्हा उघडकीला आणल्यावर आपलं काम संपलं ही माझी समजूत या एका प्रकरणाने मोडली.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी कल्याण-डोंबिवली भागात फौजदार होतो. ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एक आगरी वस्ती होती. तिथली एक विधवा, वय पस्तिशीचं, भातशेती आणि भाजीच्या वाफ्यांवर घर चालवायची. आजूबाजूला इमारती उठायला लागल्या होत्या आणि तिच्या जमिनीवर चुलत दिराचा डोळा होता. एका दुपारी शेताच्या वाटेवर दोघांनी तिला गाठलं. तोंडाला फडकी बांधलेली. एकाने तिचं डावं मनगट पिरगाळून मोडलं, दुसऱ्याने उजव्या अंगठ्याला शाई फासून तो कागदावर दाबला. आवाजावरून एकाला तिने ओळखलं. तो दीर होता.

दीर म्हणाला, मी सासरी होतो. तसं सांगायला त्याने चार माणसंही आणली. कागद सापडेना. आठवडा असाच गेला.

मग आमच्या हवालदाराला एका रिक्षावाल्याने खबर दिली. त्या दुपारी शेजारच्या गावचा एक ओळखीचा इसम हाताला रुमाल गुंडाळून त्याच्या रिक्षात बसला होता. रुमालातून रक्त येत होतं. रिक्षावाला त्याला म्हणाला, समोरच दवाखाना आहे. तर तो म्हणाला, नको, मला स्टेशनला सोड, ठाण्याला जायचंय.

मी बाईला बोलावून विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "मी चावले त्याला, साहेब. हाताला."

"मग फिर्यादीत का नाही सांगितलंत?"

"बायमानसानी चावला, असा सांगाची लाज वाटली."

अनुभवाची गोष्ट सांगतो. फिर्यादी खोटं क्वचित बोलतात, पण लाजेपोटी अर्धी हकिगत गिळून बसतात. आणि आपण पोलीस ठाण्यात चारचौघांसमोर विचारलं की उरलेली अर्धीही गिळतात.

त्या इसमाला आणलं. अंगठ्याच्या मुळाशी ताज्या जखमेची खपली होती.

"हाताला काय झालं?"

"कुत्रा चावला."

"कुठे दाखवलंस?"

"ठाण्याला. नौपाड्यातल्या डॉक्टरकडं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं."

"आणि पोटातली चौदा?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्या काळी कुत्रा चावला म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी विचारलं, "कुत्रा चावूनही ती घेतली नाहीस? पिसाळण्याची भीती नाही वाटली?" मग त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं. झडतीच्या भीतीने दिराने कागद त्याच्याकडेच ठेवायला दिला होता. पंचांसमक्ष त्याने तो आपल्या घरच्या धान्याच्या कणगीतून काढून दिला. ठसा तिचाच निघाला. नौपाड्याच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत "मानवी दंश" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. डॉक्टरने चावा ओळखला होता, पण पोलिसांना कळवलं नव्हतं. दोघांना अटक झाली, महिन्याभरात दोषारोपपत्र गेलं. साहेबांनी पाठ थोपटली. मला वाटलं, झालं.

खरा वैताग इथून सुरू झाला.

खटला चार वर्षं चालला. चालला म्हणणंही जास्तच होईल, तो बहुतेक उभाच होता. तेवढ्या काळात तीन सरकारी वकील बदलले. प्रत्येक नवा वकील पहिल्या तारखेला म्हणायचा, "मला कागद वाचायला वेळ द्या." त्यात त्यांचा दोष नव्हता. एकेकाच्या टेबलावर रोजचा गठ्ठा, मदतीला कारकून नाही. त्यांचं खातं आमच्यापासून वेगळं, त्यामुळे मी त्यांना काही सांगू शकत नव्हतो आणि ते माझ्याकडे काही मागू शकत नव्हते.

बाई प्रत्येक तारखेला सकाळी यायची. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडं. त्यावर जामिनावर सुटलेले दीर आणि त्याचा साथीदार, शेजारी दिराची आई. बाई भिंतीला टेकून उभी. दिराची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "घरातल्या मानसाला तुरुंगात घालाला निघाली." बाई ऐकून घ्यायची.

संशयावरून माणसाला वॉरंटशिवाय उचलायचा अधिकार मला होता. पण त्या बाईला वेगळं बसवायचा अधिकार कोणाला, हे मला चार वर्षांत समजलं नाही. मी कोर्टाच्या कार्यालयात विचारलं. तिथून सरकारी वकिलांकडे, तिथून ठाण्याच्या जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात पाठवलं. ठाण्याला लेखी पत्र दिलं. उत्तर आलं, "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." मी स्वतः गेलो. तिथले वयस्कर कारकून सज्जन होते. म्हणाले, "साहेब, वकील नेमायचे, बदलायचे, अपिलाचं बघायचं, हे सगळं कुठल्या ना कुठल्या टेबलावर आहे. पण तुमच्या बाईचं टेबल नाही."

एका तारखेला नौपाड्याचे डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले आणि सरकारी वकील रजेवर. आरोपीच्या वकिलांनी उठून सरकारी बाजूचा पुरावा बंद करण्याची, म्हणजे उरलेले साक्षीदार न तपासताच खटला पुढे नेण्याची मागणी केली. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला.

"साहेब, त्यांच्या बाजूनी त्यांचा वकील हाय. माजा कंचा?"

शिपाई तिला गप्प करायला धावला. न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं. मग म्हणाले, "सरकार तुमच्या बाजूने आहे."

"कुठं हाय?"

न्यायाधीशांनी शेवटची तारीख दिली. त्या तारखेला आलेल्या नव्या वकीलबाईंनी अर्धा तास आधी तिला आपल्याजवळ बसवून तिचाच जबाब वाचून दाखवला. चार वर्षांत प्रथमच कोणी ते केलं. बाईची साक्ष दोन तास चालली. उलटतपासणीत तिला पोलिसांनी पढवलेली म्हटलं, जमिनीची लोभी म्हटलं. ती जागची हलली नाही. डॉक्टरांचीही साक्ष झाली. मग शिपायाने बाईला सांगितलं, आता तारखेला यायची गरज नाही.

निकालाआधी माझी ठाण्याला बदली झाली. पैरवीला, म्हणजे कोर्टाच्या कामाला असलेला हवालदार एके दिवशी कागद घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, दोघांना शिक्षा लागली, आठ दिवस झाले. मी दुसऱ्याच दिवशी, रविवारी वस्तीवर गेलो. ती मोठा वळसा घालून खाडीच्या बांधाने घरी येत होती, डोक्यावर भाजीची पाटी. मी विचारलं, निकाल कळला का. तिने पाटी खाली ठेवली. तिला काहीच माहीत नव्हतं. आरोपींना त्यांच्या वकिलाने समजावलं होतं, तुरुंगाला कोर्टाने कळवलं होतं, आमच्या जुन्या पोलीस ठाण्यात नोंद झाली होती. फिर्यादीला कळवणं कोणाचं काम, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नेम पाळला. निकाल कोणताही लागो, फिर्यादीला मी स्वतः जाऊन सांगायचो. आता पीडितांसाठी कायदे, कार्यालयं झाली असं वाचतो. चांगलंच आहे. ती कार्यालयं कामाची आहेत की नाहीत, हे मी मात्र एकाच गोष्टीवरून ठरवीन: निकाल फिर्यादीला त्याच दिवशी कोणी जाऊन सांगतं का. ते दोघं आठ दिवस तुरुंगात होते, आणि ते वाटेत भेटतील या धास्तीने ती बाई आठही दिवस डोक्यावर पाटी घेऊन लांबच्या बांधाने चालत होती.