तीन ठिपके देणारा

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. नांदेडच्या टपालखान्याबाहेर चिठ्ठ्या लिहून देणारा एक माणूस बसायचा. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, म्हणून इस्लापूरला आईला चिठ्ठी त्याच्याच हातची. पण त्याची रीत काही मला पटायची नाही बघा. आधी खोदून खोदून सगळं विचारायचा, आणि लिहिताना नेमकं मोलाचं तेवढं गाळून तिथं तीन ठिपके द्यायचा.

"गाळायचंच हाय तर इचारता कशाला?"

"समदं ऐकल्याबिगर काय गाळायचं ते कसं कळंल?"

"आन् ठिपके तीनच का?"

"दोन दिले तर शाई सांडली वाटते. लई दिले की पोलिसाला संशय येतो, बाई."

माझा भाऊ चळवळीत होता, पोलिस त्याच्या मागावर. तो कुठं लपलाय ते या माणसाला ठाऊक, कागदाला नाही. हा ते कुणाला सांगत तर नसेल? माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

एकदा माझ्यासमोरच पोलिस जमादारानं चिठ्ठी उचलली आणि ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ये नुक्ते कायके?"

"हुजूर, इधर बाई रो दी. रोना कैसा लिखना?"

त्याची पापणीही हलली नाही. जमादार हसत निघून गेला.

भाऊ वाचला खरा, पण मला उलट धडकीच भरली. इतकं सफाईनं खोटं बोलणारा माझ्याशी तरी खरा कशावरून?

पुढच्या खेपेला त्यानं विचारलंच, "भाऊ हाय का तिथंच?"

"मला न्हाई ठाऊक," मी म्हणाले.

तो पहिल्यांदाच हसला. "हाव. असंच सांगत जा, बाई. मलाबी."