दोन दिवस बंद ठेवलेलं दूध

गुंजवण्याहून निघाले तेव्हा सात महिन्यांची पोरगी काखेत होती. आमचे हे आधीच पुण्यात कामाला लागले होते. आई एसटीच्या खिडकीखाली उभी राहून सांगत होती, "टोपडं काडू नगं. आन् कायबी झालं तर आदी मला इचार."

धायरीत एक खोली मिळाली. गावात पोर रडलं की चार घरच्या बाया यायच्या. इथं पोर रडलं की मीच दार लावून घेते.

महिन्याभरात पोरीला जुलाब लागले. आईला फोन केला. "दात येत्यात गं. अंगावरचं बंद कर, पाणीबी नगं. पोटात गेलंच न्हाई तर निगंल काय?" मी तसंच केलं. दोन दिवस पोरगी पदराला झोंबत होती आणि मी तिला नुसती थोपटत होते. तिसऱ्या दिवशी तिचं रडणं थांबलं. मला जरा बरं वाटलं. मग बघितलं, तर डोळे खोल गेलेले, जीभ सुकलेली, लंगोट रात्रीपासून कोरडा.

दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, "दूध पाजताय ना?" मी हो म्हणून मान हलवली. माझ्या आईला कुणी अडाणी म्हणू नये, एवढंच मनात होतं. त्या पुढं गेल्या. पोरगी मांडीवर निपचित. मग उठून त्यांच्या मागं गेले. "न्हाई पाजलं. दोन दिवस."

"अहो बाई, जेवढं जातंय तेवढं आत नको का जायला? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी वाटी-चमचा हातात घेतला. दिवसभर चमच्याचमच्यानं ओआरएसचं पाणी दिलं, मधेमधे अंगावर घेतलं. सांजेला लंगोट ओला झाला, तेव्हा रडू आलं.

आईला म्हटलं, बरी आहे. "बग, म्या म्हनलं न्हवतं?" आई खूश.

आता पोरगी दोन वर्षांची आहे, बोबडं बोलते. गावाकडं वहिनीला आठवा महिना आहे. आईला खरं सांगायला हवं. पण माझ्या आधी तिला एक मुलगी होती. दात येताना जुलाबात गेली, असं ऐकत आलेय. तिचंही दूध आईनं बंद केलं असेल. हे आता तिला कसं सांगू?

म्हणून वहिनीलाच सांगितलं, "जुलाब लागलं तरी पाजत ऱ्हावा. आन् लगेच दवाखाना गाठा."

"आत्याबाईंना काय सांगू?" वहिनीला सासूची काळजी.

"म्हणा, नणंदेला पुण्यात शिंगं फुटल्यात, ती ऐकत न्हाई."

घर म्हणजे मला आई. तिला सगळं सांगायचे. आता तिचा फोन आला की आधी पोरीला बोलायला लावते, मग मी बोलते.