प्रसाद बाधला त्या मंगळवारी

देवीवर रागावणं हे पुजाऱ्याच्या घरात पाप समजतात. मी सहा वर्षं तिच्यावर रागावलेली होते, आणि तरी तिचा नैवेद्य रोज माझ्याच हातचा असे. सेनगावजवळच्या आमच्या लहान गावात देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे. पूजा हे करतात, स्वयंपाक मी करते. मंगळवारी आणि शुक्रवारी पुरणाचा वास गल्लीभर जायचा, लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला चव आहे. त्याच वहिनी जेवण झाल्यावर अर्ध्या तासात हातातलं टाकून मागच्या दारी पळायच्या, हे कुणाला माहीत नव्हतं. पोट फुगून टणक व्हायचं, मुरडा असा यायचा की भिंतीला धरून उभं राहावं लागे. मग चार दिवस काहीच नाही, आणि पुन्हा तेच. लग्नकार्याला जायचं तर मी आदल्या दिवसापासून उपाशी राहायची, कारण मांडवात बायकांची सोय कुठे आहे, हे विचारायचीही लाज वाटे.

या सहा वर्षांत मला काय काय ऐकवलं गेलं, ते आठवलं की आजही डोकं तापतं. एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "बायकांचं असं असतं. त्यांना टेन्शन घेऊ देऊ नका." दुसऱ्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या मी दोन वर्षं खाल्ल्या. सासूबाईंच्या बहिणीनं दृष्ट काढली. शेजारच्या एकीनं तर तोंडावर विचारलं, "विटाळात नैवेद्याला हात लावला होता का कधी?"  घरी येऊन देवीसमोर बसले आणि म्हटलं, यांना जाऊ दे, तू तरी सांग ना माझं काय चुकलं. ती नेहमीसारखी बघत राहिली.

मागच्या वर्षी हिंगोलीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. रक्त तपासलं, बाकीच्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "याला आयबीएस म्हणतात. आतडं दिसायला ठीक आहे, पण त्याचं काम बिघडलंय. तुमचा त्रास खरा आहे." खरा आहे, एवढ्या दोन शब्दांवर मी त्यांच्या टेबलासमोर रडले. त्यांनी कागदावर लिहून दिलं: सहा आठवडे गहू, दूध, कांदा, लसूण, हरभऱ्याची डाळ बंद. ज्वारीची भाकरी, भात, थोडं मुगाचं वरण, दोडका, पालक, गाजर चालेल. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तोही नको. सहा आठवड्यांनी एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघायचा, रोज वहीत लिहायचं, कशानं काय होतं ते. "जन्मभर सगळं बंद नाही करायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोटाला काय सोसतं ते शोधायचंय."

घरी मात्र त्या कागदाचं हसू झालं. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, गरिबाला कुठं असली दुखणी होतात?" सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय कांदा-लसूण खाऊन मेलो का?" मी एका बाजूला वेगळं भांडं ठेवलं, तर त्याला 'हिचं शहरातलं भांडं' असं नाव पडलं. पण तिसऱ्या आठवड्यात वहीत लागोपाठ पाच दिवस 'आज ठीक' असं लिहिलेलं होतं. ते पान मी दिवसातून दोनदा उघडून बघायची. सहा वर्षांत असे सलग पाच दिवस मला मिळाले नव्हते.

आणि नेमका तेव्हाच गोरेगावला चुलतसासऱ्यांच्या घरी देवीचा कुळधर्म आला. त्यांना सगळे नाना म्हणतात. सगळं भाऊबंद जमलं होतं. पंगतीत मी हळूच म्हटलं, मला फक्त भात वाढा. वाढणारी थांबली, शेजारचीनं मान वळवली, आणि नानांपर्यंत बातमी गेली. ते पंगतीच्या त्या टोकावरून मोठ्यानं म्हणाले, "पुजाऱ्याची बायको अन् देवीचा प्रसाद नको म्हणते? आता हेच बघायचं राहिलं होतं! अहो सूनबाई, देवीचं कुणाला बाधत नसतं. बाधतं ते मनातलं पाप." सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पत्रावळीकडे बघत होते. मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, दुधात बुडवून, आणि वाटीभर कटाची आमटी प्याले. घास गिळताना देवीला म्हटलं, घे, हेच हवं होतं ना तुला?

संध्याकाळी दिवा लावायला गावी कुणीतरी हवं, म्हणून जेवण होताच मी एकटीच सेनगावच्या जीपमध्ये बसले. हे आरतीला थांबले. गोरेगाव सोडून थोडं पुढे आलो, तोच मुरडा उठला. घाम फुटला, हातपाय गार पडले. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. तो म्हणाला, "मावशी, आत्ताच तर निघालो, काहून घरून येत न्हाई करून?" माणसं हसली. मी ओरडले, "थांबव म्हणते ना!" तो थांबला, मी उतरले, आणि तो वाट न बघता निघून गेला. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान. आडोशाला झाड नाही, झुडूप नाही. भर दुपारी रस्त्याच्या कडेला पंचेचाळीस वर्षांची बाई पोट धरून वाकलेली. मी रडत होते, पण दुःखानं नाही, संतापानं. नानांवर, ह्यांच्यावर, आणि सगळ्यांत जास्त देवीवर.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय झालं वं माय? पोट दुखून राहिलं का?" डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली, साठीतली एक बाई होती. मी नुसती मान हलवली. तिनं पेंढी तिथंच टाकली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल. तांडा इथंच हाय." शंभर-दीडशे पावलांवर बंजाऱ्यांची वस्ती, तिथं तिचं घर होतं. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दाराचा संडास, स्वच्छ घासलेला. तिनं पाण्याची बादली आत ठेवली आणि स्वतः लांब जाऊन बसली, मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. एवढी समज मला माझ्या घरातही कुणी दाखवली नव्हती.

मी हातपाय धुऊन बाहेर आले. तिनं बाज टाकली. तिचं नाव सोमलीबाई. ती आत गेली आणि जर्मनच्या वाटीत काहीतरी घेऊन आली. मी घाबरून विचारलं, "दूध आहे का यात? गहू?"

"न्हाई. नुस्ता मऊ भात हाय, अन् मीठ," ती म्हणाली. "देवीला मंगळवारी लापशी करत असते मी. पन आमची लाइटीची डीपी जळाली. दोन दिसांपासून गिरणी बंद. गहू तसेच पडले. म्हनलं, माय, आज भातावर भागव. रानात जायच्या आधी दाखवला निवद, चुलीवरच ठेवला व्हता. तू परसाद म्हून खाय."

मी वाटीकडे बघत राहिले. मग तो भात खाल्ला. गरम होता. प्रत्येक घास पोटात जाऊन शांतपणे बसला. मला पुन्हा रडू आलं, तेव्हा सोमलीबाईनं विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं. पंगत, नाना, पुरणपोळ्या, सगळं. ऐकता ऐकता तिचा चेहरा तापला. "त्या म्हाताऱ्याला दुखतं का तुझं पोट?" ती म्हणाली. "दुखनार तुला, अन् पाप बी तुझंच? देवी आमची बी हाय बाई. तिनं कवा म्हनलं का गहूच खाय? अन् तुझा मालक काहून गप ऱ्हायला?"

तो शेवटचा प्रश्न मी ह्यांच्यासाठी राखून ठेवला. ती रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली, पुढची जीप येईपर्यंत थांबली, आणि ड्रायव्हरला दम दिला, "बाईला तकलीफ हाय. म्हनल तिथं थांबवायची. समजलं का?"

हे परत आल्यावर मी त्यांना तोच प्रश्न विचारला. आवाज चढवून विचारला, लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "मला नानांची भीती वाटली." खरं उत्तर होतं, म्हणून मी ते ऐकून घेतलं. माफ करायला मात्र मला बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत मी ते लपवलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी पुरणाच्या ताटाशेजारी भात, साजूक तूप आणि ज्वारीच्या भाकरीचं दुसरं ताट ठेवलं. ह्यांनी विचारलं नाही. दोन्ही ताटांभोवती पाणी फिरवलं, दोन्हींवर तुळस ठेवली. सासूबाई म्हणाल्या, हे कुठलं नवीन? हे म्हणाले, "तिला सोसतं ते देवीलाही चालतं." माझ्या बाजूनं त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे एकेक पदार्थ खाऊन बघितला. अर्धी पोळी चालते. लसूण अजिबात नाही. दूध नाही, तूप चालतं. अजूनही महिन्यातून एखादा वाईट दिवस येतो, तो मी वहीत लिहिते आणि पुढे जाते. मंदिरात येणाऱ्या दोन बायकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमच्या त्या कागदावर काय लिहिलंय? किती जणी अशा मुकाट्यानं सोसत असतील, या विचारानं मला आजही राग येतो. तो राग जावा असं मी मागत नाही. पण त्या दोघींना कागदाची नक्कल देऊन भागवलं नाही, हिंगोलीला सोबत घेऊन गेले.

डीपी का जळाली, सोमलीबाई त्याच वेळी त्याच रस्त्यानं का आली, हे मी कुणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे की ज्या दिवशी मी देवीला सर्वांत जास्त बोलले, त्याच दिवशी तिनं मला झेपेल असा प्रसाद धाडला. लहानपणापासून मला शिकवलं होतं की समोर येईल ते मान खाली घालून गिळायचं, तेच समर्पण. त्या बाजेवर बसून मला कळलं की हे शरीरही तिनंच दिलंय, आणि त्याचं ऐकणं हीसुद्धा तिची सेवाच आहे. आता संध्याकाळी दिवा लावून मी तिच्यासमोर बसते. कधी आभार मानते, कधी भांडते. दोन्ही ती सारख्याच शांतपणे ऐकून घेते, आणि मी उठून माझी भाकरी थापायला जाते.