राखेतलं इंजिन

भाऊजी गेले तेव्हा मी धंतोलीतल्या इस्पितळाखाली त्यांच्यासाठी शहाळं घेत होतो. ताईचा फोन आला. "ये वर," एवढंच म्हणाली. शहाळं तोवर फोडून झालं होतं. ते हातात घेऊनच जिना चढलो...

पुण्यानुमोदनाच्या सभेत ट्रकमालकांच्या एका पुढाऱ्यानं त्यांना 'वाहतूक क्षेत्राचा आधारस्तंभ' म्हटलं. भाऊजींनी जन्मभर एकाच जुन्या डिझेल ट्रकला आधार दिला, तोही बहुतेक वेळा जॅकनं. भाषण लांबलं तशी ताई मला घेऊन मागच्या अंगणात आली आणि ट्रककडे पाहत बोलू लागली.

एका हिवाळ्यात भाऊजी संत्री घेऊन पार उत्तरेकडच्या डोंगरात गेले होते. तिकडचे ड्रायव्हर मुक्कामाला इंजिनातलं पाणी सोडून देतात, नाहीतर खाली शेगडी ठेवतात. भाऊजींनी काहीच केलं नाही. पाणी उकळतं हे नागपूरच्या माणसाला ठाऊक असतं. ते गोठून लोखंड फोडतं, यावर त्याचा विश्वास बसत नाही. सकाळी इंजिनाच्या ओतीव ब्लॉकला वीतभर तडा. ट्रक ओढत जरीपटक्याला घरी आणला, तेव्हा शेजारचे मिस्त्री हसले, "गरमीनं फुटलेले लय पाहिले गा, थंडीनं फुटलेला हा पहिलाच!"

ताईला मात्र मनातून आनंद झाला होता. हिवाळाभर वाट पाहून ती कंटाळली होती, आणि भाऊजींनी शब्द दिला होता : ब्लॉक सांधला गेला नाही तर गाडी भंगारात, मी शहरातच स्कूलबस चालवीन.

मिस्त्रींनी ब्लॉक कोळशावर तापवून वेल्ड केला आणि आमच्या ताईच्या अंगणात राखेच्या ढिगात पुरला. बिडाचं लोखंड सावकाश निवावं लागतं. मध्येच वारा लागला की पुन्हा तडकतं. नेमकं तेव्हाच भाऊजींना आजारी आईकडे खाप्याला जावं लागलं. निघताना ताईला म्हणाले, "तूच बस वं इथं. राखेले कोणाले हात लावू देऊ नको."

राख उकरायला एक उलथनं पुरलं असतं. कोणाला कळलंही नसतं. कोवळं ऊन, ढिगातून येणारी ऊब... बसल्या बसल्या तिचा डोळा लागे, आणि स्वप्नात भाऊजी पिवळी बस घेऊन संध्याकाळी दारात येत. जाग आली की राख थोडी घसरलेली दिसे. ती उठे आणि ओंजळीनं वर आणखी राख घाली.

"काहून वं?" मी विचारलं.

"मलेच बसवलं होतं ना त्यायनं," ताई म्हणाली. "दुसऱ्या कोणाले बसवलं असतं, तर मीच आली असती उलथनं घेऊन."

ब्लॉक टिकला. भाऊजी पुढे कित्येक हिवाळे उत्तरेला जात राहिले. तिच्या मनातलं त्यांना ठाऊक होतं का, हे तिनं कधी विचारलं नाही.

हल्ली रोज सकाळी ताई ट्रक चालू करते. कुठे न्यायचा नसतो. इंजिन धडधडतं, मोरीवरची भांडी थरथरतात, आणि ती बॉनेटखाली हात घालून वेल्डच्या जाड रेघेवर तळवा ठेवते.

"गळते का?" परवा मी विचारलं.

"थेंबभरही नाही," ती जरा रागानंच म्हणाली, आणि ब्लॉक कोमट होईपर्यंत तिनं हात काढला नाही.