पडद्याच्या कडेला लावलेलं गंध

वन्संच्या दुकानात बिलाच्या खुर्चीवर बसायला मला कुणी शिकवलं नव्हतं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. इथं तमिळ मुलखात, देवळाच्या तळ्याजवळ त्यांचं पितळी समयांचं दुकान आहे. माल समया ओतणाऱ्या नाचियार्कोविल गावाहून येतो, तो आणायचं काम आमच्या घरचे करतात. मी आधी मागच्या खोलीत असे. चिंच आणि राख लावून समया घासायच्या, मऊ फडक्यानं कोरड्या करायच्या, पुढं नेऊन ठेवायच्या. गिऱ्हाइकाशी बोलायचा प्रसंग येत नसे, आणि मला तेच बरं वाटे.

खुर्चीवर तेव्हा एक मुलगी बसायची. तिला कॉफी द्यायला गेले की मी तिच्या हाताकडं बघत उभी राहायची. आधी इथं दाबते, मग समयीच्या चिठ्ठीवरचा आकडा घालते, मग तिथं दाबते, मग कागद बाहेर येतो. लग्न ठरून ती गेली. मुहूर्ताचे दिवस होते. गिऱ्हाईक उभं होतं आणि वन्सं हातानं बिल करायला कागद शोधत होत्या. मी जाऊन बसले आणि बिल काढलं. वन्संनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मुक्या माणसानं गाणं म्हटलं असावं.

त्यानंतर ती खुर्ची माझी झाली. एकादशीच्या भजनाला आपली मराठी मंडळी जमली की वन्सं सांगायच्या, "माझी भावजय चौथी शिकलेली. पण कंप्यूटर चालवते! इंजिनिअर ठेवायची गरज नाही मला." सगळ्या जणी वळून माझ्याकडं बघायच्या आणि मी चटईकडं बघायची. पण मला ते आवडायचं. घरी जाताना ते शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणायची मी.

खरी गोष्ट अशी की कंप्यूटरच्या पडद्यावरचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. शाळा तमिळ होती, तीही चौथीपर्यंत. आपली बाळबोध अक्षरं वडलांनी घरी भजनाच्या पुस्तकावर बोट ठेवून शिकवली, म्हणून हे लिहिता येतंय. इंग्रजी कुणी शिकवलं नाही. आकडे मात्र तमिळ शाळेतही तेच होते, आणि समयांचं काम आकड्यांवर चालतं. बाकी सगळं मी जागेवरून ओळखायची. वरून खाली येताना पहिलं निळं, त्याच्याखालचं सोडून पुढचं. स्वयंपाकघरात अंधारातही मोहरीचा डबा सापडतो ना, तसं.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडं तराजूला, गल्ल्याला, कंप्यूटरला, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. पहिल्या वर्षी मी पडद्याच्या कडेच्या काळ्या पट्टीवर चार-पाच ठिकाणी चंदनाचे ठिपके लावले, वर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले तर उजवीकडचा एक ठिपका नेमका नव्या बिलाच्या जागेच्या रेषेत. मला फारच सोपं गेलं. मग बाकीचे ठिपकेही मी पुसून रेषेत आणले. वाळून गळायला लागले की दर शुक्रवारी नवे लावायची.

वन्संना वाटलं, भक्ती. "बघा, दर शुक्रवारी यंत्राला गंध लावते. म्हणून माझ्या दुकानात कधी खोटा पैसा आला नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. एक-दोन म्हाताऱ्या बायका तर बिल घेताना पडद्याला हात जोडायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. देवाचं नाव मी आडोशाला घेतलं होतं. पण तोंड उघडून सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती.

मधेच एक चौकोन यायला लागला. सकाळी कंप्यूटर लावला की पडद्याच्या मधोमध मोठा चौकोन यायचा, त्यात दोन-तीन ओळी आणि खाली दोन खुणा. पहिल्या दिवशी मी घाबरले. मग कळलं की डावीकडची खूण दाबली की तो जातो. उजवीकडची दाबायची हिंमत मी केली नाही. एकदा कुणीतरी पडद्यावरचं एक चित्र हलवलं होतं, तर माझा सगळा दिवस त्या चित्राला शोधण्यात गेला होता. त्यामुळं काहीही नवं आलं की मी घालवून द्यायची. रोज सकाळी देवाला उदबत्ती, मग त्या चौकोनाला रजा. काही काळानं तो यायचाही बंद झाला. मला वाटलं, सुटले.

मग करभरणीचं पान उघडेना. वन्संनी कंप्यूटरच्या माणसाला बोलावलं. त्यानं थोडा वेळ खुडबुड केली आणि खुर्ची मागं सरकवली.

"अम्मा, आतली सिस्टीम म्हातारी झाली. कंपनीनं हिच्याकडं बघायचं सोडून दिलंय. नवी टाकायला हवी."

"टाक की मग. ती फुकट मिळते, असं मागं तूच म्हणालेलास ना?"

"मिळत होती. त्याला मुदत होती. रोज पडद्यावर विचारत असणार, घेता का, घेता का म्हणून. तुमच्याकडून कुणी हो म्हटलं नाही. आता ते फुकटाचं संपलं."

वन्सं माझ्याकडं वळल्या. "विचारत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"मग?"

"गर्दीत राहून गेलं."

तो माणूस हसला. "रोजच गर्दी? म्हणजे दुकान जोरात आहे, अम्मा. मग नवी विकत घ्यायला काय हरकत?"

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी मला काही म्हटलंही नाही, परक्या माणसासमोर कशाला म्हणतील. फक्त "बरं, टाक," म्हणाल्या. गिऱ्हाइकाबरोबर दोन रुपयांवरून घासाघीस करणारी ती बाई. मी आत जाऊन आधीच घासलेली समई पुन्हा घासायला घेतली.

त्यानं संध्याकाळपर्यंत सगळं बदललं. जाताना पडदाही पुसला. "हे देवाचं दिसतंय, पुसू का?" त्यानं विचारलं. वन्सं म्हणाल्या, "पूस. ती लावेल पुन्हा."

मी लावले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन, पट्टीवर चंदनाचे फिके डाग उरले होते त्यांच्यावरच, नेमके. पडदा चालू करूनही बघितला नाही. डोळे मिटून लावल्यासारखे लावले. जागा तीच राहील असं मला का वाटलं, कोण जाणे. खरं तर वाटलं नव्हतंच, तसं व्हावं अशी इच्छा होती.

त्या दिवशी तिरुनीलक्कुडी गावची मंडळी आली. मुलीच्या लग्नात द्यायला समयांचा जोड हवा होता. एक आजोबा, त्यांची सून आणि आणखी दोन बायका. समया पसंत पडल्या, वन्संनी भाव ठरवला. "बिल कर ग," म्हणाल्या. दुकानात वन्संची मुलगीही होती. ती बी. कॉम. झालीय, नोकरी मिळेपर्यंत आईकडं येऊन बसते. मला मामी म्हणते.

मी ठिपका बघितला आणि रेषेत दाबलं. काही झालं नाही. खालच्या ठिपक्याच्या रेषेत दाबलं. एकदम पडद्याचा एक भाग सरकून आला आणि त्यात फोटोच फोटो. वर कुठल्याशा नटीचा, अंगावर कपडे बेताचे. मी तो घालवायला गेले तर तो मोठा झाला.

आजोबा वाकून बघत होते. "काय अम्मा, बिलाबरोबर सिनेमापण देता का?"

बायका हसल्या. भाची आली. "मामी, काय करत्येस? हे काय, समोर लिहिलंय की, न्यू बिल."

"कुठं?"

"हे. तुझ्या नाकासमोर."

"चष्मा घरी राहिला," मी म्हटलं.

"तुला चष्मा आहे?" भाची म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती खरंच विचारत होती.

तेव्हा आजोबांची सून पुढं आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात भाचीला म्हणाली, "राहू द्या हो. त्यांना वाचता येत नसेल. माझ्या आईचंही असंच."

तिनं ते मायेनं म्हटलं. हसण्यापेक्षा तेच जास्त लागलं. मी वर बघितलं तर वन्सं समईला कागद गुंडाळता गुंडाळता थांबल्या होत्या.

बिल भाचीनं केलं. मंडळी बसला गेली. वन्संनी दुकानाचं सरकतं दार अर्धं खाली ओढलं.

"खरं सांग. तो चौकोन यायचा, त्यात काय लिहिलंय ते तू वाचलंस?"

"नाही."

"मग दाबत काय होतीस रोज?"

"ज्यानं जातं ते."

"ज्यानं जातं ते!" वन्सं भाचीकडं बघून म्हणाल्या, जशी ती साक्षीदार. "मला तमिळ सोडून दुसरं काही वाचता येत नाही, ते मी साऱ्या गावाला सांगते. काय झालं मला? हिला विचारलं असतंस तर एका शब्दात वाचून दाखवलं असतं हिनं. आणि मी सगळ्या भजनाला सांगत फिरले, माझी भावजय अशी, माझी भावजय तशी."

त्यांच्या आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त होतं. त्यांचीही लाज माझ्यामुळं गेली होती, आणि ते मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

भाची खुर्चीवर बसली. मी मागच्या खोलीत गेले. कुणी जा म्हटलं नाही. यजमानांनी विचारलं तेव्हा सांगितलं, नवीन यंत्र आहे, ती शिकलेली आहे, तीच बघेल. एकादशीला डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. पुढच्या एकादशीलाही.

भाचीला मात्र मला असं सोडवेना. दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असतं, तेव्हा ती जबरदस्तीनं मला शेजारी बसवायची. "ये ग मामी, कुणी नाही." एक एक अक्षर दाखवायची. माझ्या लक्षात राहायचं, पण शब्द व्हायचा नाही. बाहेर पावलं वाजली की मी उठून आत पळायची, साडीला निखारा लागल्यासारखी. ती म्हणायची, "चोरी करतोय का आपण?"

एका दुपारी ती आत दहीभात खायला बसली होती आणि मी पुढं पुसत होते. दाराखालून वाकून एक बाई आत आली. तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीच्या दर्शनाला निघाली होती, तिला एक छोटी हातसमई हवी होती. चारला या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती समई उचलून उभी होती, आणि तिच्या गळ्यात नवसाचा दोरा होता.

मी बसले. एन. ई. डब्ल्यू. ओठ हलत होते, बोट पडद्यावर सरकत होतं. मधे एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून गेले. बाईनं पदरानं वारा घेतला. तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. कागद बाहेर आला तो मी मान खाली घालूनच दिला. ती गेली.

वन्सं आल्या आणि यंत्रात राहिलेली बिलाची दुसरी प्रत त्यांनी ओढली. "हे कुणी केलं?"

"तुमच्या लेकीनं," मी म्हटलं. असं का म्हटलं? खरं सांगितलं असतं तर पुन्हा त्या खुर्चीवर, सगळ्यांसमोर, ओठ हलवत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा चिंच-राख बरी.

आतून, तोंडात घास असताना, भाची ओरडली, "मी जेवत्येय! मी काय केलं?"

वन्संनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"बस," त्या म्हणाल्या. "पुन्हा कर. माझ्यासमोर."

"वन्सं, गिऱ्हाईक येईल कुणी."

"येऊ दे." त्यांनी अर्धं दार पूर्ण वर ढकललं. उन्हाचा झोत थेट खुर्चीपर्यंत आला. समोरचा फूलवाला इकडंच बघत होता. वन्सं माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मलाही ऐकू दे."

मी पहिलं अक्षर मोठ्यानं वाचलं.