मागून पाठवलेली शिदोरी

माझी भाची वेळेआधी जन्मली. एवढीशी होती, म्हणून आम्ही तिला मूठभर म्हणायला लागलो. घरी आल्यावर तिला तपासणीसाठी ज्या नर्सकडे न्यायचो, तिला सगळ्या आया थेंबताई म्हणत. औषधाचे थेंब गालाच्या आतल्या बाजूला कसे सोडायचे, ते ती प्रत्येकीला करून दाखवी. वजनकाट्याच्या गार ताटलीवर आधी स्वतःचा तळवा ठेवी. ताटली कोमट झाली की मगच बाळ.

"लोह साठतं ते पोटातल्या शेवटच्या महिन्यांत," तिने माझ्या बहिणीला सांगितलं होतं. "तुमची पोरगी शिदोरी न घेताच निघाली. ती आता आपण मागून पाठवायची." आणि लोहाच्या थेंबांची बाटली हातात दिली होती.

पुढच्या तपासणीत मूठभरचं रक्त कमी निघालं. असंच राहिलं तर पुन्हा भरती करू, असं डॉक्टर म्हणाले. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. थेंबताईने गुपचूप लंगोट सोडून पाहिला.

"शी पिवळीच? लोह पोटात गेलं की काळपट होते."

"थेंब तर आई रोज देते," बहीण म्हणाली.

माझी आई खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "झाली होती काळी! मी घाबरले, म्हटलं आतड्याला काही झालं. बंदच केले थेंब. हिला कशाला सांगू? आधीच काळजीने अर्धी झालीय."

बहीण काही बोलणार, तेवढ्यात थेंबताई हसली.

"आजी, चूक माझी. गाल दाखवला, लंगोटाचं सांगायचं राहिलं. जीभ काढा बरं."

आईने थेंब चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगंबाई! गंजलेला खिळा चाटल्यासारखं!"

"तुमची नात निमूट गिळते. आजपासून पुन्हा सुरू. आणि काळी दिसली की मला फोन तुम्हीच करायचा."

काही दिवसांनी आई लंगोट हातात धरूनच फोनवर ओरडली, "ताई, झाली हो काळी! चांगली काळीकुट्ट!" पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

भरती टळली. मूठभरच्या ओठांवर रंग आला त्या दिवशी आई थेंबताईसमोर हात जोडून उभी राहिली.

"आजी, जरा सरका," थेंबताई म्हणाली. तिचा तळवा तेव्हा पुढच्या बाळासाठी ताटली कोमट करत होता.